‘एअरफ्रेम’विषयीची मते आणि कर्त्याचा प्रश्न

लोकप्रिय कादंबरीविषयी मतभेद संभवत नाहीत, ते अभिजात कृतींविषयीच व्हावयाचे, असा एक समज आपल्या अभ्यासकांत रूढ आहे. लोकप्रिय पुस्तक एक तर आवडते, नाही तर बाजूस पडते. त्याविषयी वाद तो कसला घालावयाचा, अशी यामागची भूमिका असते. मायकेल क्रायटन यांची १९९६ साली प्रसिद्ध झालेली ‘एअरफ्रेम’ ही कादंबरी या समजाला छेद देते. विमानाची सुरक्षितता हा तिचा विषय. खपाच्या दृष्टीने ती यशस्वी ठरली. परंतु तिच्या वाचकांत आजतागायत एकवाक्यता झालेली नाही. विशेष असे की, एक वाचक ज्या गुणासाठी तिला डोक्यावर घेतो, नेमक्या त्याच गोष्टीसाठी दुसरा वाचक ती निम्म्यावर मिटून ठेवतो. शैलीविज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गात तिच्यातील काही प्रकरणे प्रस्तुत लेखकाने वाचावयास ठेवली, तेव्हाही हाच अनुभव आला. अभिरुचीतील भेद एवढेच कारण देऊन हा प्रकार निकालात काढता येईल; पण त्यात वाचकांवर थोडासा अन्याय होईल. वाचकांच्या तक्रारी पुष्कळदा चुकीच्या शब्दांत मांडलेल्या असतात, पण त्या निराधार क्वचितच असतात.

प्रथम कथानक थोडक्यात सांगणे अवश्य आहे. हाँगकाँगहून डेन्व्हरला निघालेले ट्रान्सपॅसिफिक या विमानकंपनीचे ५४५ क्रमांकाचे विमान पॅसिफिक महासागरावर अकस्मात खाली-वर हेलकावे खाऊ लागते. माणसे छतावर आपटतात. काही मरण पावतात, पन्नासहून अधिक जखमी होतात. विमान लॉस एंजेलिसला उतरते. वैमानिकाने कारण कळविलेले असते ते ‘टर्ब्युलन्स’, म्हणजे हवेतील तीव्र खळबळ. विमान बांधणाऱ्या नॉर्टन या काल्पनिक कारखान्याचा चीनशी प्रचंड रकमेचा सौदा व्हावयाचा आहे. यास्तव कारखान्यातील गुणवत्ता-नियंत्रणाच्या अधिकारी केसी सिंगलटन यांना आठवड्याच्या आत कारण शोधून काढणे भाग पडते. उड्डाणनोंद-यंत्रातील नोंद सदोष निघते. वैमानिक व कर्मचारी देशाबाहेर निघून गेलेले असतात. इकडे दूरचित्रवाणीवरील एका वृत्तमालिकेची निर्माती ‘असुरक्षित विमान’ अशी कथा आधीच मनात रचून कारखान्याच्या दाराशी येऊन ठेपलेली असते.

या कादंबरीविरुद्धची सर्वांत मोठी तक्रार तिच्या भाषेविषयी आहे. पानापानावर संक्षेप आणि यंत्रभागांची नावे, बिघाडांच्या संगणकीय नोंदी व अहवालांचे तुकडे जसेच्या तसे. हे सारे कादंबरीत कशासाठी, असे अनेक वाचक विचारतात. उलट विमानविद्येची आवड असलेला वाचक म्हणतो की, हीच तिची थोरवी, बाकीची पात्रे आणि पाठलाग नसते तरी चालले असते. दोघेही एकाच वस्तूविषयी बोलत आहेत. मात्र त्या वस्तूचे कार्य काय, हे दोघांच्याही मतातून निसटले आहे.

थरारक कादंबरीत परिभाषा सामान्यतः दागिन्यासारखी येते. बंदुकीचा नमुना, जहाजाचा वर्ग, विषाचे लॅटिन नाव, यांचा अर्थ वाचकाला कळला नाही तरी काही अडत नाही. लेखकाला माहिती आहे एवढा विश्वास त्यातून निर्माण झाला की काम भागले. ‘एअरफ्रेम’मध्ये तसे नाही. तेथे परिभाषा हेच कथानक आहे. ‘स्लॅट’ म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेची, उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळी बाहेर सरकून पंखाची वक्रता वाढविणारी पट्टी. ती संथ गतीत विमानास उचलून धरते, आणि पूर्ण वेगात असताना सरकली तर विमानाचे नाक वर उचलते. एवढे ज्याने लक्षपूर्वक वाचले नाही त्याला रहस्य उमगणार नाही, कारण रहस्य म्हणजे हेच वाक्य. लेखकाने वाचकाला न विचारता करमणुकीच्या पुस्तकात अभ्यासाचा एक तास घातला आहे, आणि त्याची किल्ली न देता पुढे गेला तर गोष्टच हाती लागणार नाही अशी व्यवस्था केली आहे. ‘संक्षेप फार आहेत’ म्हणणारा वाचक हे श्रम नाकारीत असतो. त्याला आळशी म्हणण्याचे कारण नाही. करमणुकीच्या पुस्तकाशी त्याचा वेगळा करार झालेला होता, आणि तो मोडला गेल्याचे त्याने अचूक ओळखले आहे.

याच विषयावरील एका जुन्या कादंबरीशी तुलना करून पाहावी. नेव्हिल शूट हे स्वतः विमान-अभियंते. त्यांच्या ‘नो हायवे’ (१९४८) या कादंबरीतील संशोधक हनी यांचा सिद्धान्त असा की, ‘रेनडिअर’ जातीच्या विमानाची शेपटी १,४४० तासांच्या उड्डाणानंतर धातूच्या थकव्याने तुटेल. पुढे १९५४ साली एल्बाजवळ व नेपल्सजवळ कॉमेट विमाने हवेत फुटली, आणि चौकशीत धातूचा थकवा हेच कारण निघाले, त्यामुळे या पुस्तकाला भविष्यवाणीचा मान मिळाला. येथे लक्षात घ्यावयाचे ते असे की, शूट यांना संपूर्ण कादंबरीसाठी एकच पारिभाषिक शब्द पुरला, आणि तोही मूळचा घरगुती. ‘थकवा’ म्हटले की धातूला शरीर येते; वाचकाला व्याख्येची गरज भासत नाही. आपल्या परिभाषाकारांनी त्यास ‘श्रांती’ म्हटले तरी रूपक शाबूत राहते. ‘स्लॅट’ला असे शरीर नाही. क्रायटन यांच्या वाचकाने केलेली तक्रार शूट यांच्या वाचकाने केली नाही, याचे एक कारण हेही असावे.

परंतु क्रायटन यांचे कौशल्य दुसऱ्या एका जागी आहे, आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. ही कादंबरी मुळात शब्दांच्या निवडीविषयीची आहे. पहिल्या पानांत ‘टर्ब्युलन्स’ हा शब्द येतो आणि पुढचे पुस्तक तो शब्द खोडण्यात खर्ची पडते. तो शब्द वापरला की दोष हवेचा; ‘स्लॅट सरकले’ म्हटले की दोष कारखान्याचा. चौकशी करणाऱ्या मंडळाच्या नावात कारखान्याने ‘इन्सिडंट’ हा शब्द घातला आहे. वस्तुतः आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या तेराव्या परिशिष्टाप्रमाणे, प्रवासी चढल्यापासून उतरेपर्यंतच्या काळात विमानात असण्यामुळे कोणी मृत्यू पावला तर तो ‘ॲक्सिडंट’ होय. मराठीत आपण एकीकडे ‘घटना’ आणि दुसरीकडे ‘अपघात’ म्हणू. आणि ‘अपघात’ व ‘घातपात’ या दोहोंत एकच ‘घात’ दडलेला आहे, हेही सहज आठवेल. वृत्तमालिकेच्या निर्मातीला यांपैकी कोणताच शब्द नको असतो, तिला चित्र हवे असते. शब्दाच्या नेमकेपणासाठी झटणारी कारखान्यातील माणसे आणि शब्दाची गरजच नसलेली दूरचित्रवाणी, असा हा सामना आहे.

दूरचित्रवाणीवरील हा रोष काही वाचकांना एकांगी वाटतो, आणि तो एकांगी आहेच. वृत्तव्यवसायातील एकही पात्र लेखकाने शहाणे होऊ दिलेले नाही. तथापि या रोषामागे इतिहास आहे, हे विसरता कामा नये. २५ मे १९७९ रोजी शिकागो येथे डीसी-१० विमान उड्डाण करतेवेळी डाव्या पंखाखालील इंजिन निखळून पडल्याने कोसळले आणि २७३ माणसे दगावली. इंजिन व त्याचा आधारखांब देखभालीच्या वेळी एकत्रच काढण्याची सोईस्कर पद्धत विमानकंपनीने पत्करली होती, व तीत आधारखांबाला तडा गेला होता. लोकांच्या स्मरणात मात्र राहिले ते कलंडलेल्या विमानाचे छायाचित्र आणि विमानाच्या जातीचे नाव. पात्रे सपाट आहेत, नायिकेचे घर केवळ सोईपुरते आहे, या आक्षेपांना उत्तर नाही. ते मान्य करून पुढे जावे.

आता शेवटाविषयी. शेवट निराशाजनक आहे हे मत इतक्या वाचकांनी इतक्या निरनिराळ्या शब्दांत व्यक्त केले आहे की, ते केवळ रुचीचे मानता येत नाही. शेवट असा : एका बनावट सुट्या भागामुळे चालककक्षात स्लॅटविषयी खोटी सूचना येते. ती घालविण्यासाठी स्लॅट बाहेर काढून पुन्हा आत घेतले जातात. विमानाचे नाक उचलले जाते. स्वयंचलित यंत्रणेवर सोपविले असते तर तिने ते सावरले असते. पण चालकाच्या आसनावर त्या क्षणी कप्तान नसतो. त्याचा मुलगा असतो. मुलगा वैमानिक आहे खरा, परंतु त्या जातीचे विमान चालविण्याचा परवाना त्याच्याजवळ नाही. तो यंत्रणेशी झुंजत राहतो आणि विमान हेलकावे खाते. कारखाना निर्दोष ठरतो.

बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार वाचून वाढलेल्या आपल्या वाचकाला अपराधी शेवटी सापडला की समाधान वाटावयास हवे. येथे अपराधी सापडतो, आणि समाधान वाटत नाही. ‘योगायोगाने मिळालेल्या चित्रफितीवर सारे उलगडते’ हे जे कारण वाचक देतात ते बरोबर आहे, पण अपुरे आहे. वर्गात याची चर्चा करताना एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, मग स्लॅट कोणी सरकवले?” मुलाने, असे उत्तर सर्वांनी दिले. तिचे समाधान झाले नाही. “त्याने सरकवले की त्याच्या हातून सरकले?”

या प्रश्नात व्याकरणाचा मोठा भाग आहे. मराठीत तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, सुटणे-सोडणे, पडणे-पाडणे अशा क्रियापदांच्या जोड्या आहेत. ‘पेला फुटला’ यात कर्ता मनुष्य नाही, आणि त्याची उणीवही भासत नाही. ‘मी पेला फोडला’ यात कृती आहे आणि बहुधा हेतूही. या दोहोंच्या मध्ये मराठीने एक तिसरी जागा राखून ठेवली आहे : ‘माझ्या हातून पेला फुटला.’ क्रियापद अकर्मकच राहते, फुटण्याची क्रिया पेल्याचीच राहते, हात मात्र कबूल केला जातो. हेतू नाकारला जातो. घराघरांत मुले हे वाक्य रोज वापरतात आणि आईही पुष्कळदा ते मान्य करते. इंग्रजीतील कर्मणी रचनेच्या अनुकरणाने आलेला ‘पेला फोडला गेला’ हा नवीन कर्मणी प्रयोग हे काम करू शकत नाही. त्यात कर्ता लपविला आहे एवढेच कळते. हेतू होता की नव्हता याविषयी ते वाक्य मौन पाळते, आणि तरीही ‘फोडणे’ हे क्रियापद हेतूची शंका मागे ठेवतेच. कचेरीच्या अहवालांना हा प्रयोग इतका प्रिय का, हे यावरून समजावे.

‘एअरफ्रेम’मधील चौकशीला दोनच जागा ठाऊक आहेत : ‘फुटला’ किंवा ‘फोडला’, यंत्र किंवा मनुष्य. चारशे पृष्ठांच्या आसपास वाचकाला अत्यंत बारकाईने, एकेका यंत्रभागाची कारणपरंपरा तपासावयास शिकविल्यानंतर लेखक अखेरच्या पृष्ठांत ती शिस्त सोडून देतो आणि परंपरेतील एकाच दुव्याकडे, म्हणजे माणसाकडे, बोट दाखवितो. बनावट भाग विमानात पोहोचला कसा, सूचना खोटी असू शकते हे चालककक्षात कळावयाची सोय होती की नव्हती, हे प्रश्न त्या उजेडात फिके पडतात. ‘शेवट घाईचा आहे’ असे जे वाचकास वाटते, ते मला वाटते याचेच आहे.

वास्तवातील दोन अपघातांशी या कथेचे उघड साम्य आहे, आणि त्यांच्या चौकशांनी काय म्हटले ते येथे पाहण्याजोगे आहे. ६ एप्रिल १९९३ रोजी चायना ईस्टर्न कंपनीच्या एमडी-११ विमानाचे स्लॅट अल्यूशन बेटांजवळ, ऐन वेगात असताना बाहेर आले. विमान हेलकावले, दोन प्रवासी मृत्यू पावले. चालककक्षातील कोणाचा तरी स्लॅटच्या मुठीला नकळत धक्का लागला होता. म्हणजे शुद्ध मराठीत, स्लॅट हातून सरकले. अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने संभाव्य कारण म्हणून नोंदविले ते मात्र त्या मुठीची सदोष रचना : ती सहज, अजाणता जागेवरून निसटावी अशीच घडविलेली होती. पुढचे हेलकावे वैमानिकाने सावरण्याच्या प्रयत्नात घडविले हे मंडळाने दडविले नाही. परंतु त्या गतीत त्या विमानाची नियंत्रणे फार हलकी होतात, हेही त्याच वाक्यात जोडले. दुसरा अपघात २३ मार्च १९९४ चा. मॉस्कोहून हाँगकाँगला निघालेल्या एरोफ्लोट कंपनीच्या ए-३१० विमानात कप्तानाचा किशोरवयीन मुलगा चालकाच्या आसनावर बसला होता. त्याने चाकावर दिलेल्या दाबामुळे स्वयंचलित यंत्रणेचा एक भाग सुटला. तो सुटल्याचे सांगणारा दिवा होता, आवाज नव्हता. ७५ जण प्राणास मुकले. मुलाला तेथे बसविणे हा अक्षम्य प्रमाद होता यात शंका नाही; पण न वाजलेला इशारा हाही त्या कथेतील एक कर्ता आहे.

कादंबरीने या दोन घटनांची जणू सांगड घातली आणि पहिल्या घटनेतील मूठ गाळली. ललित लेखकाला हे स्वातंत्र्य आहे. परंतु ज्या पुस्तकाचा सारा अभिमान तांत्रिक सत्याचा आहे, त्याच्याविषयी हे गाळणे नोंदविणे समीक्षकाचे कर्तव्य ठरते. येथेच ‘हातून’ या रचनेची मर्यादाही सांगितली पाहिजे, नाही तर मातृभाषेच्या कौतुकात आपण वाहवत जाऊ. ‘हातून’ हेतूपासून माणसाला सोडविते, पण मुठीविषयी तीही काही विचारीत नाही. पेला निसरडा का होता, हे त्या वाक्यात मावत नाही.

१९९६ साली निर्दोष कारखाना आणि अपात्र चालक ही मांडणी बहुतेक वाचकांना पटण्यासारखी होती. आज ती तशी वाचता येत नाही. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात आणि १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात बोईंग ७३७ मॅक्स जातीची दोन विमाने कोसळली. दोन्ही मिळून ३४६ माणसे दगावली. परदेशी वैमानिकांच्या प्रशिक्षणाविषयी शंका घेणारा सूर अमेरिकेत तेव्हाही उमटला. नंतर जे उघडकीस आले ते असे की, ‘एमकॅस’ ही स्वयंचलित प्रणाली एकाच संवेदकाच्या चुकीच्या मापावरून विमानाचे नाक पुन्हा पुन्हा खाली दाबीत होती. पहिल्या अपघातापूर्वी वैमानिकांच्या माहितीपुस्तकात तिचे विवरण नव्हते. संक्षेपांच्या यादीत मात्र ‘एमकॅस’ ही अक्षरे होती. कादंबरीतील संक्षेपांना कंटाळलेल्या वाचकाची तक्रार या माहितीनंतर मी अधिक गंभीरपणे घेऊ लागलो. उलगडा न केलेला संक्षेप ही शैलीची उणीव तर आहेच. पण तो ज्ञान दिल्याचा देखावा करून ते रोखून धरण्याचा मार्गही आहे. क्रायटन निदान आपले संक्षेप उलगडून दाखवितात. त्यांच्या नायिकेच्या कारखान्याने वास्तवात तसेच केले असते, याची मात्र हमी कोणी द्यावी?

वर्गातील शेवटच्या तासिकांत एक मजकूर अभ्यासास घेतला, तो कादंबरीतला नव्हता. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत एअर इंडियाचे लंडनला निघालेले बोईंग ७८७ विमान कोसळले आणि जमिनीवरील मृतांसह २६० जणांचा अंत झाला. महिन्याभराने विमान अपघात अन्वेषण विभागाचा प्राथमिक अहवाल आला. त्यात नोंद होती की, दोन्ही इंजिनांच्या इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतराने ‘चालू’ या स्थितीतून ‘बंद’ या स्थितीत गेले. इंग्रजी मजकुरातील क्रियापद अकर्मक होते. कर्ता दिलेला नव्हता, आणि कारण सांगण्याचा प्राथमिक अहवालाचा दावाही नव्हता. लगेच पुढे अशी नोंद होती की, ध्वनिमुद्रणात एक वैमानिक दुसऱ्याला ‘बंद का केले’ असे विचारताना ऐकू येतो आणि दुसरा, आपण केले नाही, असे उत्तर देतो. हे संभाषण अप्रत्यक्ष कथनात होते. कोणता आवाज कोणाचा हे सांगितलेले नव्हते, मूळ शब्दही दिलेले नव्हते. पहिल्या वाक्यात नसलेला कर्ता दुसऱ्या वाक्यात दोनदा येतो, एकदा आरोप होऊन आणि एकदा नकार होऊन. जगभरच्या वाचकांनी ही दोन वाक्ये रहस्यकथेच्या शेवटच्या प्रकरणासारखी वाचली आणि आपापला कर्ता मधल्या मोकळ्या जागेत भरला. त्या तेराव्या परिशिष्टातच चौकशीचा हेतू दोष वा दायित्व ठरविणे हा नव्हे, पुढील अपघात टाळणे हाच होय, असे म्हटले आहे. ते वाक्य वाचलेले वाचक फारच थोडे असावेत.

विद्यार्थ्यांना त्यातील पहिल्या वाक्याचे मराठी रूपांतर करावयास सांगितले होते. बहुतेकांनी ‘बंद केले गेले’ असे लिहिले. एकाने ‘बंद झाले’ असे लिहिले, आणि त्याला शेजाऱ्याने हटकले की, हे तर आपोआप झाल्यासारखे वाटते. मागे ‘हातून’चा प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी बराच वेळ काही लिहीत नव्हती. ‘हातून’ येथे चालणार नाही, असे ती म्हणाली. कोणाचा हात होता हेच जेथे ठाऊक नाही, तेथे तो शब्दही हात गृहीत धरतो. शेवटी तिने ‘चालूवरून बंदवर गेले’ असे लिहिले आणि वाक्य मराठी वाटत नाही म्हणून माझ्याकडे तक्रार केली.